पहिल्या ओळीच्या बाई

"कागद कुठला गो?"

बाईंचा पहिला प्रश्न हाच असायचा. ये, बस, पाणी घे, हे सगळं नंतर. समोर छापील मजकूर असो नाहीतर संगणकाच्या पडद्यावरचं वेबपान, त्या आपली सहा इंची लाकडी पट्टी उचलायच्या, सगळ्यात वरच्या ओळीखाली आडवी धरायच्या आणि विचारायच्या, "कागद कुठला?" पडद्यावर कागद कुठून येणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

रत्नागिरीत एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर एक छापखाना होता. तिथे बाईंनी वीसेक वर्षं मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायची लेबलं, देवस्थानांच्या जत्रेची पत्रकं. मग छपाईची कामं कमी होत गेली. मालकांनी दोन संगणक आणले, दारावर 'वेबसाइट करून मिळेल' अशी पाटी लावली आणि बाईंना म्हणाले, "आता तुम्ही घरी बसलात तरी चालेल. ह्यात मुद्रितं नसतात."

"मुद्रितं नसतात," बाई म्हणाल्या, "पण चुका असतात ना?"

आणि बाई राहिल्या. पन्नाशीला आलेल्या बाईने वेबपानं कशी लिहितात हे शिकायला घेतलं. त्यांची शिकण्याची रीत तुम्ही बघायला हवी होती. पानाचा सगळा कोड त्या कागदावर छापून घेत आणि लाल पेन्सिल घेऊन ओळ न् ओळ वाचत. एखादी खूण कळली नाही की तिच्याभोवती गोल करत. छापखान्यातल्या पोरांना विचारत, नाही कळलं तर मुंबईहून पुतण्याकडून जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत. वर्षाभरात पोरंच त्यांना विचारायला लागली.

मी हेदवीची. लग्न होऊन रत्नागिरीत आले. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सहा महिन्यांचा एक कोर्स केला आणि त्या प्रमाणपत्राच्या बळावर त्या छापखान्यात लागले. पहिल्या दिवशी नमुना म्हणून माझं एक पान बाईंपुढे ठेवलं. पट्टी वरच्या ओळीखाली आली.

इथे थोडं सांगायला हवं. प्रत्येक वेबपानाच्या डोक्यावर एक ओळ असते. पान बघणाऱ्याला ती दिसत नाही, ब्राउझरला मात्र दिसते. हे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय, ते ती ओळ त्याला सांगते. तिला डॉकटाइप म्हणतात. ती नसली तर ब्राउझर समजतो, हे कुठलं तरी जुनं, बेशिस्त पान आहे, आणि मग जुन्या पद्धतीने अंदाजपंचे मांडतो. त्या काळी ह्या ओळीचे बरेच प्रकार होते. एक स्ट्रिक्ट, म्हणजे कडक. एक ट्रान्झिशनल, जुन्या सवयी चालवून घेणारा. आणि शिवाय प्रत्येक उघडलेली खूण बंद केलीच पाहिजे म्हणणारं एक निराळं घराणं. ह्यातलं आपल्या पानाला कुठलं, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. बाईंच्या भाषेत तो कागद. छपाईत आधी कागद ठरतो, मग शाई, मग बाकीचं.

"हे स्ट्रिक्ट कोणी घेतलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

"का?"

"चांगलं असतं ना ते?"

खरं तर मला ते नाव भारदस्त वाटलं होतं, एवढंच. बाईंनी माझा कोड छापून घेतला आणि लाल पेन्सिल चालू केली. रंगासाठी घातलेल्या जुन्या खुणा, मजकूर मध्ये आणायच्या जुन्या खुणा, अर्ध्यावर सोडलेले परिच्छेद. पान लालेलाल झालं. मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "वर शपथ घेतलीस कडक आणि खाली वागलीस सैल. असं कसं चालेल? ट्रान्झिशनल लिही की. त्यात कमीपणा कसला?"

"पण स्ट्रिक्ट जास्त बरोबर..."

"मग आठ दिवस घे नि सगळं पान तसं कर. मी थांबते. पण वरचं आणि खालचं एकमेकांना ओळखत असू दे."

घरी जाऊन मी नवऱ्याला म्हटलं, एक म्हातारी आहे, संगणकाला कागद विचारते. तो हसला. मीही हसले. दुसऱ्या दिवशी ट्रान्झिशनल लिहिलं आणि बाईंनी खाली निळ्या शाईने 'ठीक' असं लिहून सही केली. ते 'ठीक' मिळायला माणसं महिना महिना झुरायची, हे मला नंतर कळलं.

त्या वेळच्या त्या ओळी चांगल्या हातभर लांब असायच्या. अवतरणं, तिरक्या रेघा, आकडे, पत्ता. जगातला कुठलाही माणूस त्या पाठ करत नसे, कुठून तरी उचलून चिकटवत असे. बाईंना सगळ्या पाठ होत्या. चहा आला की आमचा बाइंडर मुद्दाम विचारायचा, "बाई, ती लांबवाली म्हणा ना." आणि बाई कपबशी हातात घेऊन, डोळे मिटून सुरू करायच्या. "अवतरण सुरू, वजा, दोन तिरक्या रेघा..." विरामचिन्हांसकट, एका दमात. शेवटचा कंस बंद झाला की चहाचा घोट. बाइंडर टाळ्या वाजवायचा. त्याला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, मला वाटतं म्हणूनच त्याला ते एवढं आवडायचं.

कोपऱ्यात एक जुना संगणक होता. त्याला बाईंनी जुन्या लुगड्याचं आवरण शिवलं होतं. त्यात जुना ब्राउझर होता आणि तो बदलायला त्यांनी कोणालाही कधी हात लावू दिला नाही. "रत्नागिरीत दिसतं ते दापोलीत दिसेल कशावरून?" असं म्हणत प्रत्येक पान त्या तिथे एकदा उघडून बघत. खेडेगावातल्या कचेऱ्यांत असलेच संगणक असतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता मला जे सांगायचंय ते सांगते.

किनाऱ्यावरच्या चार-पाच गावांतल्या मच्छीमारांची एक संस्था होती. त्यांना एक वेबसाइट हवी होती. होड्यांची यादी, सभासदांची नावं आणि वर एक लाल चौकट. वादळाचा इशारा आला की संस्थेचा रत्नागिरीतला माणूस त्या चौकटीत मजकूर भरणार, गावोगावचे क्लार्क सकाळी ते पान उघडणार आणि बंदरावरच्या फळ्यावर लिहिणार. काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून केलं. चौकटीच्या डोक्यावर 'सूचना' ही अक्षरं मी सुंदर चित्रासारखी काढून घातली. बाईंनी पान जुन्या मशीनवर बघितलं, कोड वाचला, 'ठीक' लिहिलं.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. पान चढवायच्या आधी सगळ्यात वर, डॉकटाइपच्याही वर, एक ओळ घातली. बघणाऱ्याला न दिसणारी, नुसती टीप. 'हे पान अमुक हिने तयार केले.' माझं पूर्ण नाव. मी केलेल्या कशावर तरी माझं नाव पहिल्यांदाच लागत होतं. कोणाला दिसणार नव्हतं. मला माहीत असणार होतं, तेवढंच मला पुरे होतं.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या होत्या. बाराएक दिवसांनी दुपारी बुरोंडीहून फोन आला. मालकांनी घेतला, ऐकला आणि बाईंकडे दिला. बाई उभ्या राहूनच ऐकत होत्या. "हो. हो. कोणी जखमी?" एवढंच मला ऐकू आलं.

आदल्या दिवशी इशारा होता. संस्थेच्या माणसाने तो वेळेत भरला होता. बुरोंडीच्या क्लार्कने सकाळी पान उघडलं तर लाल चौकट होती, वर 'सूचना' होतं, खाली कोरं. रोज ते कोरंच असायचं, कारण तोवर इशारा आलाच नव्हता. तिने फळ्यावर लिहिलं, सूचना नाही. एक होडी गेली. दुपारी वारा उठला. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, जाळी कापून समुद्रात सोडली तेव्हा कुठे होडी हाताशी आली. दिवस मावळायच्या आत होडीतले चौघे परतले. पण जाळी कापण्याच्या गडबडीत तांडेलाच्या धाकट्या भावाचा हात दोरात सापडला आणि मोडला.

बाईंनी जुन्या मशीनवरचं आवरण काढलं. पान उघडलं. लाल चौकट, 'सूचना', आणि खाली कोरं. आमच्या नव्या संगणकावर तेच पान नीट दिसत होतं. बाईंनी कोड नव्याने छापून घेतला. पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली. पहिल्या ओळीवर माझं नाव होतं.

त्यांनी नाव वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या जुन्या ब्राउझरला डॉकटाइपच्या आधी काहीही आलेलं चालत नसे. आधी माझं नाव आलं, म्हणून त्याने खालची घोषणा मानलीच नाही आणि पान जुन्या पद्धतीने मापलं. त्या मापात चौकटीची मी ठरवून दिलेली सगळी उंची माझ्या त्या सुंदर चित्रानेच खाल्ली. मजकुराला जागा उरली नाही. तो होता, पण कापला गेला होता.

मी ओळ खोडली. मिनिटही लागलं नाही. पान पुन्हा उघडलं तेव्हा कालचा इशारा तिथे स्पष्ट होता.

"उद्या बुरोंडीला जाऊ," बाई म्हणाल्या.

मालक म्हणाले, "अहो, फोनवर सांगू की. एवढ्या लांब कशाला?"

"त्या क्लार्कला कामावरून काढतायत. तिची चूक नाही. हे फोनवर कोण ऐकून घेणार?"

सकाळची दापोलीची एसटी, तिथून बुरोंडी. वाटेत बाई खिडकीबाहेर बघत होत्या. संस्थेची कचेरी म्हणजे एक खोली, बाहेर पायरी. पायरीवर तांडेलाचा भाऊ बसला होता, हात प्लास्टरमध्ये. आत पाच-सहा माणसं, त्यांत तांडेल. कोपऱ्यात ती क्लार्क, माझ्याच वयाची, डोळे सुजलेले.

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी ते पान तपासते. परवाचा इशारा पानावर होता, पण तुमच्या मशीनवर दिसला नाही. तो आमच्यामुळे दिसला नाही. हिने जे दिसलं तेच लिहिलं. हिला काढू नका. तपासणी माझी होती, चूक माझी आहे."

तांडेल म्हणाला, "आनी ह्याच्या हाताचं काय?"

"हाताचं मला काही करता येत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच आले."

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाईंनी तपासलं तेव्हा पान बरोबर होतं. त्यांची सही झाल्यावर मी वर एक ओळ घातली. माझ्या नावाची. त्यामुळे झालं."

बाईंनी माझ्याकडे वळून बघितलं नाही, पण त्यांचा हात माझ्या पाठीवर आला.

तांडेलाने माझ्याकडे बघितलं. पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला माणूस. "नाव लिवलंस?" तो म्हणाला. "होडीवर नाव आमी पन लिवतो. पन आधी ती तरंगते काय, ते बघतो." मग क्लार्ककडे वळून म्हणाला, "जा, चाय सांग ह्यांना."

त्याने माफ केलं असं मी म्हणणार नाही. चहा मात्र दिला. क्लार्कची नोकरी राहिली. निघताना ती बाईंच्या पाया पडायला वाकली तर बाई दचकून मागे सरकल्या. "अगो, हे काय? मी तुझं वाईट केलंय."

परतीच्या एसटीत मी विचारलं, "बाई, माझी ओळ होती हे तुम्हाला कालच कळलं होतं. तुम्ही स्वतःवर का घेतलंत?"

"सही माझी होती ना त्या पानावर."

मग मी न विचारता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. त्यांच्या गावची, शाळेत नाव घालायच्या वेळची. वडील मुंबईला गिरणीत होते, चार दिवसांच्या रजेवर आले होते. शाळेतल्या कारकुनाने अर्ज भरताना धर्माच्या आणि जातीच्या रकान्यात त्यांचं जुनं, टाकून दिलेलं नाव लिहिलं. वडील म्हणाले, ते आम्ही आता नाही. आम्ही बौद्ध आहोत, तसं लिहा. कारकून म्हणाला, एकच की. वडील म्हणाले, एक नाही. कारकुनाने उद्या या म्हटलं. उद्या गेले तर परवा या म्हटलं. सात मैल चालत जायचं, सात मैल चालत यायचं, बाई खांद्यावर. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर भेटले आणि रकाना दुरुस्त झाला.

"चार दिवसांची रजा," बाई म्हणाल्या, "त्यातले तीन त्या एका रकान्यात गेले. आई चिडली होती. बाबा तिला म्हणाले, वरती पोर कोण ते चुकीचं लिहिलं, तर पुढचं सगळं लोक चुकीचंच वाचतील."

एसटी खेडच्या स्टँडवर थांबली. बाईंनी खिडकीतून दोन शेंगांच्या पुड्या घेतल्या, एक मला दिली. "खा," म्हणाल्या. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

मालक मला काढणार होते. बाई त्यांच्या टेबलापाशी जाऊन एवढंच म्हणाल्या, "ही राहील. आता हिच्यासारखी काळजी घेणारी दुसरी मिळणार नाही तुम्हाला." पुढचे अकरा दिवस आम्ही दोघींनी छापखान्यातून गेलेलं प्रत्येक पान उघडलं. डॉकटाइपच्या आधी काही नाही ना, खाली लिहिलंय ते त्याच्याशी जुळतंय ना, सगळं बघितलं. त्यात सतरा पानं आधीच्या लोकांनी बाईंची सही झाल्यावर चुकवलेली निघाली. बाईंनी कोणाचंही नाव विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी ती लांबलचक ओळ गेली. नवी आली ती दोन शब्दांची. एक कंस, एक उद्गारचिन्ह, डॉकटाइप, एचटीएमएल, कंस बंद. मी बाईंना दाखवली तर त्या पडद्याजवळ वाकल्या.

"बाकीची कुठाय?"

"एवढीच आहे, बाई."

"आवृत्ती? पत्ता? कडक का सैल?"

"काही नाही. सगळ्यांना हीच."

त्यांचा विश्वास बसेना. तीन दिवस त्यांनी जुन्या मशीनवरचं आवरण काढून त्यावर पानामागून पान उघडलं. सगळी नीट मांडली गेली. ज्या ब्राउझरच्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी ही ओळ आली, तोसुद्धा तिला मानत होता. चौथ्या दिवशी बाईंनी ह्या ओळी उतरवून ठेवायच्या आपल्या वहीत एका पानावर ती एकच ओळ लिहिली आणि बाकीचं पान मोकळं सोडलं. "बरं झालं," म्हणाल्या. "नव्या पोरींचा त्रास वाचला." बाइंडर हिरमुसला. त्याने चहाच्या वेळी विचारलं, "म्हणजे आता ती लांबवाली नाही?" बाईंनी त्याच्या समाधानासाठी अजून एकदा म्हणून दाखवली, आणि मला वाटतं थोडी स्वतःसाठीही.

मग त्यांचे डोळे गेले. हळूहळू, आधी मधला भाग, मग कडा. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीच ओळखलं. एका पानावर 'ठीक' लिहिलं होतं आणि ते मजकुराच्या अंगावर आलं होतं. बाईंच्या हातून असं कधी होत नसे. महिन्याभरात त्या पोफळीला पुतणीकडे राहायला गेल्या. पुतणीचा नवरा वीजघरात होता, तिथल्या वसाहतीत त्यांचं घर होतं.

आता माझं स्वतःचं छोटं काम आहे, रत्नागिरीतच, घराच्या पुढच्या खोलीत. दोन बायका माझ्याकडे शिकतात. मी त्यांना काय शिकवते, तर पान उघडल्यावर आधी स्वतःला विचारायचं की हे कोणाच्या हातात जाणार आहे, आणि त्याच्या हातात जे जुनंपुरं मशीन आहे त्यावर ते दिसेल का. हे माझं नाही. माझं म्हणून मिरवावं असं माझ्याकडे फार थोडं आहे, आणि जे आहे त्यातलं बरंचसं एका बाईने माझ्या चुकीखाली स्वतःची सही राहू दिली तिथून आलंय. लोक आभार मानायला उशीर करतात. मीही केला. एकदाच नीट मानले, पोफळीला, तर बाई म्हणाल्या, "बाई गो, फणसाचे गरे तळलेत, ते आधी संपव."

ती भेट शेवटची ठरली. त्या हिवाळ्यात बाई गेल्या. पुतणीचा फोन आला तोवर सगळं झालं होतं.

त्या दिवशी गरे संपवून मी निघाले तेव्हा बाई माझ्या दंडाला धरून रस्त्यापर्यंत आल्या. पुतणी नको म्हणत होती. रस्त्यावर दोन एसटी समोरासमोर उभ्या होत्या, एक चिपळूणकडे उतरणारी, एक घाट चढून कराडला जाणारी. मी चिपळूणच्या गाडीत बसले आणि खिडकीशी आले. बाई रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेला. दोन्ही गाड्या एकदम सुरू झाल्या. बाईंनी हात वर केला आणि कराडच्या गाडीकडे बघून जोरजोरात हलवायला लागल्या. मी हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. त्या हसत होत्या, हात हलवत होत्या, आणि कराडच्या गाडीच्या मागच्या खिडकीतून कोणी एक अनोळखी बाई बाहेर वाकून त्यांना हात करत होती.